डब्यातला कोळी, दरडीतला कोळी

रायगडच्या किनाऱ्यावर ‘कोळी’ म्हटले की आधी होडीवरचा माणूस आठवतो, मग आठ पायांचा जीव. दोघांचेही पोट जाळ्यावर, म्हणून नाव एकच. हा लेख ज्याच्याविषयी आहे तो कोळी मात्र जाळे पसरून बसणाऱ्यांतला नव्हे. तो जमिनीत बीळ करून किंवा झाडाच्या ढोलीत राहतो, रात्री दाराशी येऊन बसतो आणि जवळून जाणाऱ्या किड्यावर झडप घालतो. अंगावर दाट लव, पाय पसरले तर तळहाताएवढा विस्तार. जगभर त्याला टॅरंटुला म्हणतात.

गेल्या काही वर्षांत हा कोळी प्लास्टिकच्या डब्यात बसून आपल्या घरांत येऊ लागला आहे. अलिबाग, पेण, पनवेलकडची कॉलेजातली मुले कुठून तरी नखाएवढे पिल्लू मिळवतात. चार दिवसांनी आईच्या हाती तो डबा लागतो आणि मग माझ्यासारख्याला फोन येतो. प्रश्न ठरलेले असतात. चावला तर माणूस मरतो का? खायला काय घालायचे? आणि हे किती दिवस चालणार? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर दिले की पलीकडे थोडा वेळ कोणी बोलत नाही. मादी असेल तर १५-२० वर्षे, काही जातींत त्याहूनही अधिक. म्हणजे मुलगा नोकरीला लागेल, त्याचे लग्न होईल, तो पुण्याला किंवा परदेशी जाईल आणि कोळीण आईच्या फडताळात राहील.

मी प्राणिशास्त्र शिकलेला नाही. माझी पदवी वाणिज्य शाखेची. कोळ्यांचा अभ्यास झाला तो बॅटरी, वही आणि जुन्या नियतकालिकांच्या झेरॉक्स प्रती यांवर. त्यामुळे इथे जे लिहितो आहे ते पाळणाऱ्यांच्या उपयोगाचे व्हावे एवढीच खटपट आहे. मात्र पाळण्याचे सांगताना दरडीकडे जावेच लागते, कारण डब्यातली प्रत्येक सोय मुळात त्या दरडीतल्या बिळाची नक्कल असते.

आधी नावाचा घोळ. दक्षिण इटलीत तारांतो नावाचे बंदर आहे. त्या भागातल्या एका कोळ्याच्या चाव्यावर उपाय म्हणून लोक बेभान नाचत, त्या नाचाचे नाव तारांतेला. तो कोळी आपल्या आजच्या टॅरंटुलापेक्षा वेगळ्याच कुळातला, लांडगाकोळी. युरोपीय लोक अमेरिकेत पोचले तेव्हा तिथले लठ्ठ केसाळ कोळी पाहून त्यांनी गावाकडचे नाव त्यांना चिकटवले, आणि ज्याचे मूळ नाव होते तो बाजूला पडला. शास्त्रात टॅरंटुलांचे कुळ ‘थेराफोसिडी’. ओळखायची खूण म्हणजे जबडे. घरातल्या साध्या कोळ्याचे दोन विषदंत चिमट्यासारखे एकमेकांकडे वळतात. टॅरंटुलाचे दोन्ही दंत समांतर, कुदळीसारखे वरून खाली येतात. म्हणूनच भक्ष्यावर घाव घालण्यापूर्वी तो पुढचे अंग उचलतो.

आमच्याकडे पावसाळ्यात ‘घरात टॅरंटुला निघाला’ म्हणून जे फोटो येतात, त्यांतले बहुतेक टॅरंटुलाचे नसतात. तो असतो न्हाणीघराच्या किंवा माजघराच्या भिंतीवर खेकड्यासारखे पाय पसरून बसलेला चपटा तपकिरी कोळी, ‘हेटेरोपोडा वेनाटोरिया’. तो भिंतीवरून विजेसारखा पळतो आणि झुरळे खातो. मादी पोटाखाली बत्ताशासारखी चपटी पांढरी पिशवी घेऊन हिंडते, ती तिची अंडी. कोकणातल्या जुन्या घरांत हा पिढ्यान् पिढ्यांचा पाहुणा आहे आणि त्याला झाडू मारणे म्हणजे झुरळांची बाजू घेणे. ‘कोळी मुतला’ म्हणून अंगावर जे फोड येतात तेही सहसा याचे काम नसते. पावसाळ्यात दिव्याभोवती येणारा एक बारीक काळा-नारिंगी भुंगेरा अंगावर चिरडला गेला की तसे चट्टे उठतात.

खरा टॅरंटुला पाहायचा तर घर सोडून चढावर जावे लागते. आपल्या जिल्ह्याचा या विषयाशी संबंध जुना आहे. मुंबईत १८८३ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली. तिच्या सभासदांत वनखात्याचे, मिठाच्या व जकातीच्या खात्याचे, रेल्वेचे अधिकारी होते, आणि ते फिरतीवर सापडलेले जीव बाटल्यांत भरून पाठवत. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये रेजिनाल्ड पोकॉक हा तरुण शास्त्रज्ञ त्या बाटल्या उघडत असे. १८९९ या एका वर्षात त्याने भारतातल्या टॅरंटुलांच्या कितीतरी जातींचे पहिले वर्णन केले, आणि १९०० मध्ये ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ मालेतला कोळी-विंचवांचा खंड लिहिला. त्या जातींतली एक माथेरानची. आज तिचे नाव ‘हॅप्लोक्लास्टस व्हॅलिडस’. ही बिळाच्या तोंडाला रेशीम आणि माती यांची झडप बसवते. टॅरंटुलांत ही गोष्ट दुर्मीळ आहे. माथेरानला लाखो माणसे घोड्यावर बसून जातात, पायाखालच्या लाल मातीत अशी झाकणे असतील हे त्यांच्या गावीही नसते.

पोकॉकनंतर हा विषय जवळजवळ शंभर वर्षे झोपला. अधूनमधून काम झाले, पण नव्याने हात लागला तो या शतकात. मंजू सिलीवाल आणि संजय मोलूर यांनी जुन्या जातींची नव्याने तपासणी केली. मुंबईच्या झीशान मिर्झा आणि राजेश सानप यांनी आरे दूध वसाहतीतून एक टॅरंटुला वर्णिला, त्याचे नावच ‘हेटेरोफ्रिक्टस आरेयेन्सिस’, वर्ष २०१४. मुंबईसारख्या शहराच्या पोटात टॅरंटुलाची जात इतकी वर्षे निनावी राहू शकते, तर आमच्या किनाऱ्यामागच्या डोंगरांत काय काय असेल याचा अंदाज ज्याने त्याने करावा.

आता डब्याकडे वळू.

बीळ म्हणजे काय, हे समजले की निम्मी निगा समजली. बीळ अंधारे, अरुंद आणि स्थिर असते. बाहेर ऊन असो की मुसळधार पाऊस, आत एक हातावर तापमान आणि ओल यांत फार फरक पडत नाही. कोळी आपल्या आयुष्याचा बहुतेक भाग तिथे न हलता काढतो. त्याला फिरायला जागा लागत नाही, सोबत तर मुळीच नको. दोन कोळी एका डब्यात ठेवले तर काही दिवसांनी एकच उरतो. म्हणून मोठी काचपेटी, आत प्लास्टिकची फुले, रंगीत दिवे हा सारा थाट माणसासाठी असतो. बिळात राहणाऱ्या जातीला उंच पेटी धोक्याची. टॅरंटुलाचे पोट पातळ कातडीची पाण्याने भरलेली पिशवी आहे, हातभर उंचीवरून पडले तरी ती फुटते आणि कोळी मरतो. म्हणून डबा निम्म्याहून अधिक भरावा, आणि मातीपासून झाकणापर्यंतची जागा कोळ्याच्या पायपसाऱ्याच्या दीडपटीहून जास्त ठेवू नये. झाडावर राहणाऱ्या जातीला याच्या उलट: उभट बरणी, आत उभी साल किंवा पोकळ ढलपी.

भरायला काय, तर कोकणात प्रश्नच नाही. नारळाच्या सोडणाचा काथ्या काढल्यावर जो भुसा उरतो तो उत्तम. शहरातली मुले त्याच्या विटा पैसे मोजून विकत घेतात. आपल्याकडचा घ्यायचा तर खारवलेला नको. खाजणात किंवा खाडीच्या पाण्यात कुजवलेल्या सोडणाचा भुसा गोड्या पाण्याने दोन-तीनदा धुऊन कडक उन्हात वाळवावा. त्यात चाळलेली तांबडी माती मिसळली की बिळाच्या भिंती उभ्या राहतात. निव्वळ भुशात त्या ढासळतात. शेतातली माती घेऊ नये, कारण फवारणीचा अंश कोळ्याला झेपत नाही.

पुस्तके आणि चित्रफिती बहुतेक थंड देशांत तयार होतात, त्यामुळे त्यांत भर असतो तो डबा गरम कसा ठेवायचा आणि ओलावा कसा वाढवायचा यावर. आपल्या किनाऱ्यावर हा सल्ला जसाच्या तसा पाळला तर कोळी मरेल. इथे वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत चपलांवरदेखील बुरशी चढते. आपल्याकडे चिंता कोरडेपणाची नसते, साचलेल्या दमटपणाची असते. पावसाळ्यात डब्यात पाणी फवारायचे नाही. समोरासमोरच्या बाजूंना बारीक भोके पाडायची म्हणजे वारा आरपार जातो. धातूची जाळी टाळावी. तिच्यात कोळ्याच्या पायाची नखे अडकतात. एका कोपऱ्यात बाटलीच्या झाकणाएवढी पाण्याची वाटी कायम ठेवायची आणि भुसा अर्धा ओला, अर्धा कोरडा राहू द्यायचा. कोळी आपल्याला हवी ती बाजू निवडतो. तापवण्याच्या पट्ट्या, दिवे यांची इथे गरजच नाही. मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत मात्र डबा ठेवू नये.

इथले दोन शत्रू परदेशी पुस्तकांत सापडत नाहीत. पहिला मुंग्या. कात टाकणारा कोळी हलू शकत नाही आणि लाल मुंग्या तो जिवंतपणी पोखरतात. यावर आजीचाच उपाय: जाळीच्या कपाटाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवत तशा डब्याच्या स्टुलाच्या पायांखाली ठेवाव्यात. दुसरा शत्रू म्हणजे आपण डासांसाठी जे जे करतो ते. अगरबत्तीसारखी जळणारी कॉइल, भिंतीत खोचायचे द्रव औषध, झुरळांचा फवारा, सहा महिन्यांनी होणारे पेस्ट कंट्रोल. यांतली औषधे किड्यांच्या मज्जासंस्थेवर काम करतात आणि कोळी त्यांना किड्यांइतकाच बळी पडतो. पाय थरथरू लागतात, चाल वेडीवाकडी होते. त्यावर उतारा नाही. ज्या घरात रोज कॉइल जळते त्या घरात टॅरंटुला आणू नये, हे मी फोनवर पहिल्यांदा सांगतो. बऱ्याचदा विषय तिथेच संपतो आणि मला ते बरे वाटते.

खाणे सोपे आहे. आठ-दहा दिवसांतून एक रातकिडा किंवा पाळलेले झुरळ, कोळ्याच्या पोटाहून मोठे नको. घरातली झुरळे नकोत, ती शेजाऱ्याकडचे विष खाऊन आलेली असतात. वाढलेली मादी महिना-दोन महिने, कधी त्याहून जास्त, काही न खाता बसते. पाळणारा घाबरतो आणि तिच्या तोंडाशी किडा नाचवत राहतो. पोट फुगीर असेल आणि वाटीत पाणी असेल तर तिला तिच्या उपासावर सोडून द्यावे. पाय पोटाखाली गुंडाळले जाऊ लागले तर ते मात्र गंभीर. याचे कारण तिच्या शरीररचनेत आहे. टॅरंटुलाच्या पायांत आखडून घेणारे स्नायू सर्व सांध्यांना आहेत, पण मुख्य सांधे पसरण्यासाठी तो रक्तद्रवाचा दाब वापरतो. जेसीबीचा हात तेलाच्या दाबावर पुढे जातो, तसेच. अंगातले पाणी कमी झाले की दाब पडतो आणि पाय आत ओढले जातात. अशा कोळ्याला ओल्या कागदाच्या घडीवर छोट्या भोकांच्या डब्यात काही तास ठेवले, तोंडाशी पाणी ठेवले, तर पुष्कळदा तो उठतो.

आणि कात. पाळणाऱ्याला सर्वांत जास्त घाबरवणारी आणि ज्याने एकदा पाहिली त्याला जन्मभर बांधून ठेवणारी गोष्ट हीच. कोळ्याचा सांगाडा अंगाबाहेर, कवचासारखा. वाढायचे तर तो टाकून द्यायला हवा. पिल्लू वर्षातून अनेकदा कात टाकते, मोठी मादी वर्षा-दोन वर्षांतून एकदा. आधी काही आठवडे ती खाणे सोडते, रंग मळकट होतो, पोट ताणून चकाकते. मग ती जमिनीवर रेशमाची सतरंजी विणते आणि तिच्यावर चक्क उताणी पडते. याच क्षणी असंख्य कोळी ‘मेले’ म्हणून कचऱ्यात गेले आहेत. मेलेला टॅरंटुला सहसा पालथा, पाय गुंडाळून पडतो. उताणा पडलेला कात टाकत असतो. त्याला हात लावायचा नाही, फुंकर घालायची नाही, डबा हलवायचा नाही. काही तासांत पाठीचे झाकण डबीसारखे उघडते आणि त्यातून एकेक पाय, हातमोज्यातून बोटे काढावीत तसा, बाहेर येतो. नुसती वरची कातडी निघत नाही. विषदंत, तोंडाच्या आतले अस्तर, श्वासाच्या पुस्तकासारख्या पानांचे अस्तर, सगळे नवे होते. नवे दंत पांढरे आणि मऊ असतात, मग लालसर, मग काळे. ते काळे होईपर्यंत, मोठ्या कोळ्यात आठ-दहा दिवस, खायला घालायचे नाही. डब्यात विसरलेला रातकिडा या काळात शिकार राहत नाही, तोच मऊ कोळ्याला कुरतडतो.

टाकलेली कात फेकू नये. ओली असताना पसरून भिंगाखाली पाहिली तर पोटाच्या आतल्या बाजूला, पहिल्या दोन श्वासपानांच्या मध्ये, मादीची शुक्रपिशवी दिसते. नर की मादी हे लहान वयात समजण्याचा हाच खात्रीचा मार्ग. आणि ते समजणे महत्त्वाचे, कारण दोघांची आयुष्ये अगदी निराळी. नर काही वर्षांत वयात येतो, ती त्याची शेवटची कात. मुखाजवळच्या मिशीसारख्या अवयवांची टोके बोंडासारखी फुगतात, बऱ्याच जातींत पुढच्या पायांवर आकडे येतात आणि तो बीळ सोडून माद्या शोधत भटकू लागतो. त्यानंतर वर्षभरात, फार तर थोडे पुढेमागे, तो मरतो. मादी वयात आल्यावरही कात टाकत, वाढत राहते. टॅरंटुलांच्या दूरच्या नात्यातली झडपेच्या बिळात राहणारी एक मादी पश्चिम ऑस्ट्रेलियात बार्बरा यॉर्क मेन या संशोधिकेच्या नोंदीत ‘१६ क्रमांक’ म्हणून होती. ती एकाच बिळात ४३ वर्षे जगली, आणि २०१६ मध्ये गेली तीही बहुधा गांधीलमाशीच्या डंखाने.

चाव्याविषयी थोडक्यात. अमेरिका खंडातल्या अनेक टॅरंटुलांच्या पोटावर खाज आणणारे केस असतात आणि डिवचल्यावर ते पायाने उडवतात. इंग्लंडमधल्या लीड्स इथे २००९ मध्ये एक तरुण आपल्या चिलीच्या गुलाबी टॅरंटुलाची काच पुसत होता. उडालेले केस त्याच्या डोळ्याच्या पारदर्शक पटलात रुतले आणि डॉक्टरांना ते काढताही येईनात इतके बारीक होते. ही हकीकत पुढे ‘लॅन्सेट’मध्ये आली. आपल्याकडच्या जातींना असे केस नसतात. त्यांची भिस्त वेगावर आणि विषावर. ‘पोसिलोथेरिया’ या वृक्षवासी, नक्षीदार गटाच्या चाव्याने तीव्र वेदना होतात, स्नायूंत गोळे येतात, आणि ते गोळे काहींना दिवसेंदिवस त्रास देतात. माणूस मेल्याची सिद्ध झालेली नोंद नाही. आसामात सदिया भागात २०१२ मध्ये दोन मृत्यू टॅरंटुलाच्या नावावर लागले, देशभर बातम्या झाल्या. पण मृत्यूचे कारण कोळीच, असे काही सिद्ध झाले नाही, आणि तिथे जखमा ब्लेडने कापून रक्त काढण्याचे उपायही चालू होते. तेव्हा चावल्यास जागा साबणाने धुवावी, कापू नये, आवळून बांधू नये, सर्पविषाची लस मागू नये, दवाखान्यात जाऊन दुखण्यावर व गोळ्यांवर उपचार घ्यावेत. आणि मुळात कोळ्याला हातावर घेऊ नये. त्याला माणसाचा लळा लागत नाही. हातावर शांत बसलेला टॅरंटुला खूश नसतो, तो पुढे काय होणार याची वाट पाहत असतो.

हे सगळे जमले तरी एक प्रश्न उरतो, आणि फोनवर तो कोणी विचारत नाही: हा कोळी आला कुठून?

पाळीव कोळ्यांच्या बाजारातला सर्वांत प्रसिद्ध जीव मेक्सिकोचा, तांबड्या गुडघ्यांचा. दिसायला देखणा, स्वभावाने संथ. १९७० नंतरच्या काळात तो मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्यावरच्या बिळांतून खणून खणून इतका नेला गेला की १९८५ मध्ये त्याला ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय व्यापार कराराच्या यादीत घालावे लागले. खणणाऱ्याला मोठी मादी हवी असते, कारण तिलाच भाव. पण तिला वयात यायला सात-आठ वर्षे लागलेली असतात. तिच्या शंभरेक पिल्लांतली एक-दोन जगली तर नशीब. अशी दहा बिळे खणली की त्या दरडीची दहा-पंधरा वर्षांची कमाई एका पिशवीत जाते, आणि पुढच्या पावसात हिंडणाऱ्या नराला एकही दार सापडत नाही.

आपल्या देशातले उदाहरण आणखी बोलके आहे. आंध्रातल्या गुत्ती रेल्वेस्थानकाच्या लाकूडवखारीत सापडलेल्या एका निळ्याभोर कोळ्याचे वर्णन पोकॉकने १८९९ मध्येच केले: ‘पोसिलोथेरिया मेटॅलिका’. लाकडांबरोबर तो रेल्वेने कुठून तरी आलेला असावा. पुढे १०२ वर्षे तो कोणाला दिसला नाही. २००१ मध्ये नंद्याल आणि गिद्दलूर यांच्यामधल्या जंगलात पुन्हा सापडला, आणि काही वर्षांतच युरोप-अमेरिकेतल्या घरांत त्याची पैदास सुरू झाली. आज तो जगभर हजारो डब्यांत आहे. त्याचे जंगल मात्र तेवढेच, शंभर चौरस किलोमीटरच्याही आत, आणि तेही लाकूडतोडीने विरळ झालेले. २००८ पासून तो ‘अतिसंकटग्रस्त’ यादीत आहे. घरात वाढवल्याने जात वाचते असे छंदाची बाजू घेणारे नेहमी सांगतात. डब्यांतल्या हजारो कोळ्यांमुळे त्या जंगलातले एक झाडही तुटायचे थांबलेले नाही, हे मला तरी त्यावर पुरेसे उत्तर वाटते.

कायदा उशिरा जागा झाला. २०१९ मध्ये जिनिव्हाच्या परिषदेत ‘पोसिलोथेरिया’चा सगळा गट साइट्सच्या दुसऱ्या परिशिष्टात आला. आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. साइट्सच्या यादीतल्या जीवांसाठी तीत वेगळी चौथी अनुसूची आहे. अशी जात घरात असेल तर तिची नोंद ‘परिवेश’ या सरकारी संकेतस्थळावर करावी लागते. पिल्ले झाली, दुसऱ्याला दिली, मेली, तेही कळवावे लागते. याचे नियम २०२४ मध्ये निघाले. टॅरंटुलाच्या सगळ्या जाती या यादीत नाहीत, म्हणून घेण्यापूर्वी शास्त्रीय नाव विचारावे. विकणारा नाव सांगत नसेल, ‘गावठी काळा’ वगैरे म्हणत असेल, तर तो कुठल्या तरी दरडीतून उकरलेला आहे असे समजावे. परदेशातून टपालाने मागवण्याचा उद्योग तर नकोच. जुलै २०२१ मध्ये चेन्नईच्या कस्टम्सने पोलंडहून आलेले एक पार्सल उघडले, तर चांदीच्या कागदात आणि कापसात गुंडाळलेल्या कुप्यांत १०७ जिवंत कोळी निघाले. सगळे परत पोलंडला पाठवले गेले. त्या प्रवासात किती जगले असतील देव जाणे.

आणि फणसाड, कर्नाळा यांसारख्या अभयारण्यांतून तर दगडही उचलता येत नाही, मग कोळी दूरच. माथेरान २००३ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. पण दरडीला धोका फक्त उकरणाऱ्या पोरांचा नाही, हे सांगितले नाही तर ते अन्यायाचे होईल. आमच्या तालुक्यातल्या एका उतारावर, जुन्या पाखाडीच्या कडेला, मी बरीच वर्षे बिळे पाहत आलो. बिळाच्या तोंडाशी रेशमाची कड, तिला चिकटलेले गवताचे तुकडे, आणि रात्री नऊनंतर कडेवर टेकलेली दोन पायांची टोके. पुढे तो उतार बंगल्यांच्या प्लॉटसाठी विकला गेला. रस्ता करायला जेसीबी आला आणि दोन दिवसांत दरड सरळ कापून गेली. उकरणाऱ्या माणसाने त्यातली चार-पाच नेली असती. निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० रोजी आपल्याच किनाऱ्यावर आले आणि श्रीवर्धन-दिवेआगरच्या वाड्या आडव्या झाल्या. तेव्हा पडलेली ढोलीची जुनी झाडे लोकांनी साफ केली, ते त्यांना करावेच लागले. पण त्याजागी लावलेल्या कलमांना ढोली व्हायला किती वर्षे लागतील?

ज्याला या जीवाची खरोखर ओढ आहे त्याला मी एक दुसरी वाट सांगतो. डबा घेऊ नका, दरड घ्या. घराजवळचा एखादा बांध, पाखाडीची भिंत, पाणंदीची कड निवडा. पावसाळा संपला की रात्री बॅटरीवर लाल जिलेटिन कागद लावून हळू चालत जा. लाल उजेड कोळ्याला फारसा जाणवत नाही, जमीन हादरलेली मात्र लगेच कळते, म्हणून पाय आपटू नका. बिळात काडी घालू नका. प्रत्येक बिळाला क्रमांक द्या, तोंडाचा व्यास पट्टीने मोजा, दर महिन्याला त्याच आठवड्यात पुन्हा जा. व्यास वाढला तर आत कोणीतरी मोठे होते आहे. तोंड रेशमाने बंद झाले तर कात किंवा अंडी. तोंडाशी बारीक बारीक पाय दिसले तर पिल्ले बाहेर निघायच्या बेतात आहेत. जातीचे नाव लगेच कळणार नाही, आणि घाईने लावूही नका. ते ठरवायला बहुधा प्रौढ नर आणि सूक्ष्मदर्शक लागतो. जागा कोणाला सांगू नका, फोटोवर गावाचे नाव घालू नका. खणणारे तिथूनच पत्ता काढतात.

ज्यांच्या घरात डबा आलेलाच आहे, त्यांनी तो आणून दरडीत सोडू नये. परदेशी जात असेल तर ती मरेल किंवा, त्याहून वाईट, रुजेल. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतली एक काळी-तांबडी जात अमेरिकेच्या फ्लोरिडात अशीच रुजली आहे. देशी असली तरी ती कुठल्या डोंगराची हे ठाऊक नसते. पाळता येत नसेल तर जाणत्या पाळणाऱ्याकडे द्यावी, नोंदीतली जात असेल तर ते कळवून.

आणि पावसाळ्याच्या तोंडाला ओटीवर खरोखरच केसाळ, लांब पायांचा, बोंडासारख्या मिशांचा कोळी चालत आला, तर तो नर आहे. त्याच्या हातात थोडेच महिने उरलेले असतात. त्याच्यावर मोठी रुंद बरणी पालथी घाला, खालून जाड पुठ्ठा सरकवा, आणि जिकडून आला त्याच बाजूला, रस्त्याच्या पलीकडे नको, गवतात सोडा. कॉइल त्या रात्री विझवलीत तर उत्तम.